जेवायला कुठं बरं?

वैजनाथाचं दर्शन आटोपलं की माणसाला पोट आठवतं. देवळाच्या पायऱ्या उतरून खाली आलेला यात्रेकरू, मग तो कंधारकडचा असो की बिदरकडचा, आमच्या दुकानासमोर हमखास थांबायचा आणि विचारायचा, "आप्पा, जेवायला कुठं बरं?" आमचं दुकान बेल, विभूती, कापूर आणि रुद्राक्षांचं. जेवणाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण परळीच्या त्या पायऱ्यांखालच्या आळीत हा प्रश्न माझ्या वडिलांनाच विचारायचा, अशी रीत पडून गेली होती. आप्पा लगेच उत्तर देत नसत. आधी माणूस न्याहाळत. गाडीतून आलाय की पायी, बोली तेलंगी आहे की कानडी, सोबत म्हातारं माणूस आहे का, तान्हं लेकरू आहे का. मग बेलाची जुडी बांधता बांधता सांगत, "तुमी असं करा, तळ्याच्या अंगाला नरसव्वाकडं जावा. भात मिळंल, चिंचेचं सार मिळंल. आमच्या भाकरीनं तुमचं भागायचं न्हाई." माणूस जायचा, जेवायचा आणि गावाला निघताना मुद्दाम आमच्या दुकानावरून हात जोडून जायचा. आप्पांना त्यातून काही मिळत नसे. त्यांना ते हात जोडणंच पुरत होतं असं मला वाटतं.

ती आळीच खाण्याची होती. सकाळी सगळ्यांत आधी तात्या भजेवाल्याच्या कढईचा चर्रर्र आवाज यायचा, मग कोपऱ्यावरच्या हलवायाचा पाक उकळायला लागायचा. नऊ-दहाच्या सुमाराला घराघरांतून भाकऱ्या थापण्याचा आवाज सुरू व्हायचा आणि तो उन्हं उतरेपर्यंत थांबायचा नाही. वेशीपाशी चाँदभाईंची भट्टी होती. तिथं रोट्या आणि मटणाचा शोरबा मिळायचा. आम्ही लिंगायत. तो वास आला की आव्वा, म्हणजे माझी आई, नाकाला पदर लावायची. पण आप्पा सरकारी शिपायांना आणि गाडीवानांना बेलाशक तिकडं पाठवायचे. "ज्याचं त्याचं अन्न," म्हणायचे, "रोटी गरम हाय, मानूस इमानी हाय, अजून काय पायजे?" आता त्या आळीत लॉज झालेत आणि दोरीवर टाकलेल्या धुण्यावर थर्मल वीजकेंद्राची राख बसते. तरी कधी कुणाच्या घरून येसर फोडणीला पडल्याचा वास आला, की मी चालता चालता थांबते. सून म्हणते, "काय झालं?" मी म्हणते, "काही नाही."

येसर म्हणजे गंगाक्का. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून ठेवायचा, आणि तो उकळत्या पाण्यात सोडून आमटी करायची. घरोघर होते ती. पण गंगाक्काच्या खानावळीतली आमटी प्यायला लोक दुसऱ्यांदा यात्रेला यायचे असं आळीत गमतीनं म्हणायचे. तिची खानावळ आमच्या समोरच होती. चाळिशीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलणं कमी. वाढताना ती माणसाच्या ताटाकडं बघायची, तोंडाकडं नाही. माझ्यासाठी मात्र पहिल्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून त्यावर काराळ्याची चटणी आणि तेल घालून ठेवायची. "ये गिरजे, गार होतंय," एवढंच म्हणायची. तांबडं फुटायच्या आत ती लांबच्या बारवेवर जाऊन स्वतः पाणी आणायची, तीन खेपा. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत थेंब जाऊ द्यायची नाही. आप्पांचं एक म्हणणं होतं, आधी पाणी बघावं, मग चव बघावी. त्यामुळे दहातली सहा माणसं ते समोर धाडायचे.

मी सांगतेय त्याच्या दोन वर्षं आधी वळणावर महानंदाकाकूंनी नवी खानावळ घातली होती. तिथं गव्हाच्या पोळ्या मिळायच्या, वर तूप मिळायचं, सोमवारी गोड असायचं. काकू हसतमुख, बोलायला गोड. पण उन्हाळा लागला की त्यांचा गडी बारवेपर्यंत न जाता जवळच्या डबक्यातून घागरी भरायचा. त्याच डबक्यात लोक पाय धुवायचे, बैलं उतरायची. आप्पांनी काकूंच्या नवऱ्याला एकदा सांगून बघितलं, तो हसला. त्या दिवशी आप्पा आव्वाला आणि मला म्हणाले, "उन्हाळ्यात वळणावर मानूस धाडायचा न्हाई. ध्यानात ठेवा." हे मी इथंच लिहून टाकते. नाहीतर पुढं मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहील.

मी बारा वर्षांची होते. त्या वर्षी चैत्रात आव्वा माझ्या पाठच्या भावाची बाळंतीण झाली आणि आतल्या खोलीत बाजेवर होती. त्याच वेळी मोमिनाबादच्या एका घरातून माझ्यासाठी विचारणा आली, म्हणून आप्पा तिकडं गेले. आठवडाभर लागणार होता. दुकान बंद ठेवणं त्यांना पटेना. बेल विकणं मला येत होतं. जाताना ते म्हणाले, "कुनी जेवायचं इचारलं तर समोर बोट दाखव. जास्त शानपना करू नको." मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी महानंदाकाकू आल्या. पदराखाली ताटली होती. तव्यावरून उतरलेली गव्हाची पोळी, तिच्यावर तूप आणि गुळाचा चुरा. आमच्या घरी गहू सणालाच निघायचा. एरवी जवारी. काकू म्हणाल्या, "एकटी बसलीस माय. खा." मी खाल्ली. जाताना त्या सहज म्हणाल्या, "दोन-चार मानसं आमच्याकडंबी धाडत जा की. तुझ्या सांगन्यावर लोक जातेत, मोठी झालीस तू." मला त्या पोळीइतकंच हे शेवटचं वाक्य आवडलं. तोपर्यंत मला मोठी झालीस असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन माणसं वळणावर धाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोळी आली, मग रोजच येऊ लागली. गंगाक्का दारातून बघत असणार. त्या चार दिवसांत मी तिच्या पापुद्र्यासाठी गेले नाही. तिनं बोलावलंही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी कंधारकडची एक गाडी आली. म्हातारी सासू, तिचा मुलगा आणि त्याची बायको. बायको म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी पोर. भागीरथी तिचं नाव. सासू आणि नवरा पायऱ्यांवर बसून राहिले आणि ती एकटी दुकानात बेल घ्यायला आली. माझ्या हातातल्या बांगड्या बघून ती म्हणाली, "ह्या कुठल्या?" मी म्हटलं, "हितल्याच, आमच्या आळीतल्या." मग आम्ही दोघी उगाचच हसलो. तिनं मला सांगितलं की लग्नानंतर ती पहिल्यांदाच गावाबाहेर पडलीय, वाटेत गाडीत सासू झोपली की ती बाहेर बघत होती. मग जाता जाता विचारलं, "जेवायला कुठं बरं गं?" समोर गंगाक्काच्या दारात तीन-चार माणसं हात धूत होती. मी बोट वळणाकडं केलं. "तिकडं जा. पोळ्या मिळतेत, तुपाच्या." मला ती आवडली होती, म्हणून तिला चांगलं मिळावं असं मला वाटलं. पण हे अर्धंच खरं आहे. त्या दिवसाची पोळी अजून आली नव्हती, हेही मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धर्मशाळेत तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी सासूलाही झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आळीत बातमी आली, पटकी आहे. भागीरथी गेली. सासू वाचली. सुनेला इथंच माती दिली आणि मायलेक गाडी जुंपून निघून गेले. तोवर धर्मशाळेतली आणखी तीन-चार माणसं आजारी पडली होती. आव्वानं आतून मला ओरडून सांगितलं, दार लावून घे, बाहेर जाऊ नको. मी दार लावलं आणि दाराला पाठ लावून बसले. घरात बाळाच्या धुरीचा वास होता. मला तिचं हसणं आठवत होतं. वाटलं, मलाही तिच्यासारखंच झालं. झालं नव्हतं.

मोमिनाबादहून अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार आले, सोबत एक हकीम आणि चार शिपाई. धर्मशाळेच्या रखवालदारानं सांगितलं की मरण पावलेल्या मुलीच्या घरच्यांनी खानावळीचं नाव सांगितलं नाही, फक्त बेलाच्या दुकानातल्या पोरीनं दाखवलं तिथं जेवलो, एवढंच म्हणाले. म्हणून साहेब आमच्या दारात आले. आळी गोळा झाली. साहेब रागीट नव्हते. दाढीत मेंदी, आवाज मऊ. ओट्यावर बसून मला म्हणाले, "डरो नको, बेटी. सच बोलो. वो लोगां किसके घर खाना खाये?"

मी साहेबांना भ्याले नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी भ्याले. मी आप्पांना भ्याले. वळणाचं नाव घेतलं, की आप्पा विचारणार, कावून धाडलीस? मग पोळी निघणार. गर्दीत महानंदाकाकू होत्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मला काही खूण केली नाही. मीच म्हणाले, "गंगाक्काकडं."

गंगाक्का आपल्या दारात उभी होती, हाताला पीठ होतं. ती दोन पावलं पुढं आली. "साहेब, माझ्याकडं न्हाई जेवली ती मानसं. मी माझं गिऱ्हाईक वळखते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गिरजे, माझ्याकडं बघून सांग." मी खाली बघितलं. ओट्याच्या फरशीत एक मुंगळा चालत होता, तो बघत राहिले. साहेबांनी जमलेल्या माणसांना विचारलं. कुणी तरी वडीलधारा म्हणाला, "आप्पांच्या घरातून खोटं निघत न्हाई, साहेब." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना तसाच अनुभव होता.

शिपायांनी तिची मडकी बाहेर आणून फोडली. चुलीवर पाणी ओतलं. येसराचा डबा उकिरड्यावर रिकामा केला. पुन्हा इथं रांधायचं नाही असा हुकूम सांगून कुलपावर लाखेचा शिक्का मारला. तिला मागच्या पडवीत राहायची मुभा दिली. हे सगळं घटकाभरात झालं. गंगाक्का रडली नाही. हाताला लागलेलं पीठ ती बोटांनी सोलत राहिली.

दोन दिवसांनी आप्पा आले. आळीनं त्यांना वेशीतच सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि तेच मला असह्य झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते बेल निवडत बसले होते, तेव्हा मी जवळ जाऊन सांगितलं, "आप्पा, त्यांना मी वळणावर धाडलं होतं."

ते पानं निवडायचे थांबले. "कावून?"

"काकू पोळी देत होत्या."

"पान्याचं तुला म्हाईत होतं?"

"होतं."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणीच वाटलं होतं. निवडलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ते म्हणाले, "उद्या मोमिनाबादला जातो. साहेबाला सांगतो." मी आत जाऊन बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसून रडले. मोकळं वाटून रडले. पण आव्वानं सगळं ऐकलं होतं. ती बाजेवरूनच त्यांना म्हणाली, "सोमवारी ती मोमिनाबादची मानसं पोरीला बघायला येनार. सरकारात खोटं बोलली म्हनून नाव झालं तर कोन करंल तिला? तेवढं होऊन जाऊ द्या." आप्पा गेले नाहीत. सोमवारी पाहुणे आले, मला पसंत करून गेले. मग बाळाचं बारसं आलं. मग सुपारी फुटायची होती. आप्पा रोज उद्या म्हणायचे. नंतर नंतर उद्याही म्हणेनासे झाले.

वैशाखात गंगाक्काचा भाऊ धर्मापुरीहून गाडी घेऊन आला. सामान चढवून झाल्यावर ती रस्ता ओलांडून आमच्या दुकानाशी आली. मी दाराआड होते. तिनं विचारलं, "आप्पा, पोरीला इचारलं का तुमी?"

"इचारलं."

"काय म्हनली?"

आप्पा विभूतीच्या पुड्या बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "तेच म्हनली."

गंगाक्कानं पदर डोक्यावर घेतला. "बरं," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आप्पांनी त्या एकाच पुडीचा दोरा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

त्यानंतर कुणीही यात्रेकरूनं विचारलं, "आप्पा, जेवायला कुठं बरं?", तर आप्पा म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई, बाबा. इचारा कुनालाबी." लोकांना वाटलं, म्हातारपणानं चिडके झाले. ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. महानंदाकाकूंची खानावळ चांगली चालली. त्यांनी मात्र मला पुन्हा कधी पोळी आणून दिली नाही, आणि समोरून आल्या तर रस्ता बदलायच्या. माझा डॉक्टर नातू म्हणतो, पटकी धर्मशाळेच्या विहिरीतून आली असेल, वाटेतल्या नाल्यातून आली असेल, तू उगाच जिवाला लावून घेतेस. असेलही. ते पाणी माझ्या हातात नव्हतं. नाव माझ्या तोंडातलं होतं.

लग्न होऊन मी मोमिनाबादला गेले. नऊ वर्षांनी दिराच्या मेहुणीचं लग्न धर्मापुरीत निघालं, तेव्हा माझा थोरला मांडीवर होता. देवळामागच्या वाड्यात पंगती होत्या. मागच्या अंगणात चुलवणावर बायका स्वयंपाक करत होत्या आणि त्यांच्यात गंगाक्का होती. केस पांढरे झाले होते. ती चुलीपाशी नव्हती. एका बाजूला बसून ती सुपारी कातरत होती. मी बाळ नणंदेकडं दिलं आणि तिच्यापुढं जाऊन बसले.

"गिरजा नव्हं तू?" ती म्हणाली.

"हो. गंगाक्का, मी तेव्हा खोटं बोलले. मी त्यांना वळणावर धाडलं होतं. पोळीसाठी."

"खोटं हाय ते मला त्याच येळी कळलं. तू माझ्याकडं बघितलं न्हाईस." तिचा अडकित्ता चालूच होता. "पोळीसाठी, ते आज कळलं."

मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतला नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. म्हणाली, "तुझं मी मनात धरलं न्हाई, माय. तू बारा वर्सांची होतीस. तुझा बाप बारा वर्सांचा नव्हता. त्याच्या दारात जाऊन मी इचारलं. त्यानं खरं सांगितलं असतं तर मी त्याच्या शब्दावर हितं चूल मांडली असती. त्यो न्हाई बोलला. आता नऊ वर्सं झाली, माझ्या हातचं लग्नात कुनी खात न्हाई. सुपारी कातरायला बोलावतेत, ते भावाच्या भिडेनं."

मी विचारलं, "त्यांना सांगू का?"

"तुझी मर्जी. मी निरोप धाडत न्हाई."

परतताना मी माहेरी दोन दिवस थांबले. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुकान भाऊ बघायला शिकत होता, आप्पा नुसते ओट्यावर बसायचे. जेवण कमी झालं होतं, कशीबशी एक भाकरी खायचे. दुपारी मी त्यांना वाढत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "धर्मापुरीला गेलतीस म्हनं. गंगाक्का दिसल्या का?"

"दिसल्या."

"बऱ्या हायत?"

"बऱ्या हायत."

त्यांनी घास खाली ठेवला. "माझं काही बोलल्या का?"

आव्वा दारात उभी होती. मी आप्पांचा चेहरा बघितला. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं मान करून थांबले होते. मी म्हणाले, "न्हाई आप्पा. तुमची खुशाली इचारली."

"खुशाली इचारली?"

"हो."

त्यांनी खाली ठेवलेला घास उचलून खाल्ला. मग त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. आव्वाला एवढा आनंद झाला की तिनं ती स्वतः चुरून दुधात घालून दिली. ते पुढं चार वर्षं जगले आणि बऱ्यापैकी समाधानानं जगले. गंगाक्का त्यांच्या मागे दोन वर्षांनी गेली. लोक म्हणतील, म्हाताऱ्या बापाला सुख दिलंस, त्यात काय वाईट? मीही स्वतःला तेच सांगते. पण तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले असते, तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. भावाला हाक मारून ते म्हणाले असते, गाडीवानाला बोलव. धर्मापुरी काही लांब नव्हती. पहाटे बैल जुंपले असते, तर दुपारपर्यंत ते तिच्या दारात पोचले असते.